दोनशे चौदा गुळगुळीत चेहरे

चिंचवडच्या हिंदुराव फोटोवाल्यांना म्हातारपणी कुणी विचारलं, की तुम्ही जन्मभर काय केलंत, तर ते सांगायचे, "खड्डे बुजवले." विचारणाऱ्याला वाटायचं, हा गडी लोकल बोर्डात मुकादम असणार. मग हिंदुराव स्वतःच्या गालावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "रस्त्यावरचे न्हाई. हितले." एवढं बोलून ते असे गप्प बसायचे, की समोरच्यानं पुढची गोष्ट मागितल्याशिवाय जागचं उठूच नये. गोष्ट ते सांगायचेही, आणि तिच्यात स्वतःला कुठे सवलत द्यायचे नाहीत. आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगावी, म्हणजे निदान ती नीट सांगितली जाते, असं त्यांचं मत होतं.

ते मूळचे तळवड्याचे. मावशीच्या यजमानांच्या ओळखीनं पुण्यात एका स्टुडिओत काचा धुवायला लागले. त्या काळी फोटो काचेवर निघत. पाच वर्षं त्यांनी काचा धुतल्या, आणि त्या पाच वर्षांत मालकांनी त्यांना एकच मंत्र दिला. गिऱ्हाईक खुर्चीत जसं बसलं तसं घरी पाठवायचं नाही. देवानं घाईत उरकलेलं काम आपण सावकाशीनं पुरं करायचं.

हे पुरं करायचं काम पेन्सिलीनं चाले. काच वाळली की तिच्यावर राळेच्या पाण्याचा हलका हात फिरवायचा, ती उतरत्या डेस्कावर उजेडासमोर धरायची, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं ठिपक्याला ठिपका लावत जायचं. काचेवर सगळंच उलटं, काळं ते मोकळं आणि पांढरं ते काळं. गालावरचा खड्डा तिथे मोकळा दिसतो. त्या मोकळ्या जागेत पेन्सिल भरली, की कागदावर छापलेला गाल सपाट येतो. सुरकुती भरा, नाहीशी होते. भिवई बारीक करा, मिशीला टोक आणा, काय वाटेल ते करा. हिंदुरावांचा हात या कामात असा बसला, की पुढे पुढे त्यांना माणूस दिसेनासाच झाला. समोर कुणी आलं की आधी दिसायचं ते त्याच्या तोंडावरचं बुजवण्याजोगं काम.

एकावन्न साली त्यांनी चिंचवडात, स्टेशनच्या रस्त्याला, स्वतःचं दुकान घातलं. बायकोच्या नावानं पाटी लावली, 'विमल फोटो स्टुडिओ'. वर पत्रा, उत्तरेच्या बाजूला पत्र्यातच दोन काचा, त्यातून येणारा मऊ उजेड, आणि पाठीमागे त्यांनी स्वतः रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं होतं आणि तळ्यात हंस होता. शेजारचा सायकलवाला करीमभाई त्या हंसाला पहिल्या दिवसापासून बदक म्हणायचा. हिंदुराव रागावून दोनदा हंसाची मान लांब करायला गेले, तेव्हा त्याचं शहामृग झालं.

दुकानात एक काळा कोट होता. जुन्या बाजारातून आणलेला. कुणालाही बसावा म्हणून हिंदुरावांनी तो पाठीमागून उभा फाडून त्याला नाड्या लावल्या होत्या. पैलवानाला सैल सोडायचा, वाळक्याला आवळायचा. समोरून बघणाऱ्याला वाटे, बॅरिस्टर बसलाय. पाठीमागून बघणाऱ्याला वाटे, पोतं शिवलंय. चाकणपासून थेरगावपर्यंत ज्याच्या ज्याच्या घरात भिंतीला फोटो होता, तो त्या एकाच कोटात होता.

असा हा धंदा चांगला चालला असताना हिंदुरावांना वर्तमानपत्राचं वेड लागलं. पुण्याच्या 'दैनिक घाटमाथा'ला या बाजूचे फोटो हवे होते. इकडे माळरानावर कारखाने उभे राहत होते, रोज कुठे ना कुठे नारळ फुटत होता, पाहुणे येत होते. हिंदुराव कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून जायचे, फोटो काढायचे, आणि सवयीप्रमाणे घरी आणून पाहुण्यांना वीस वर्षांनी तरुण करायचे. वर्तमानपत्रात छापायचा फोटो जाळीच्या ठिपक्यांतून जातो, त्यात चेहऱ्याच्या रेघा असतील तरच चेहरा उरतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घाटमाथाचे उपसंपादक उद्धवराव पोस्टकार्ड धाडायचे: 'फोटो पोचला. उजवीकडून दुसऱ्या पाहुण्यांचं नाक कोणत्या बाजूला आहे ते उलट टपाली कळवावे.' हिंदुरावांना वाटे, पुण्याच्या लोकांना कलेची जाण कमी.

छप्पन साली पिंपरीच्या अलीकडे पंप बनवण्याचा एक कारखाना सुरू व्हायच्या बेतात आला. दोनशे चौदा माणसं भरायची होती, आणि प्रत्येकाला फाटकावर दाखवायला फोटोचा पास द्यायचा होता. हे काम 'विमल'ला मिळालं. मजूर कचेरीचे करंदीकर साहेब स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, "साधे फोटो हवेत. चेहरा ओळखू यावा, एवढंच."

"काळजीच नको साहेब," हिंदुराव म्हणाले. साहेब 'साधे' म्हणाले ते हिंदुरावांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. लग्नघरचा यजमानही आधी म्हणतोच, की जेवण साधंच ठेवा.

तीन आठवडे रीघ लागली. भोसरीचे, आकुर्डीचे, चाकणचे, बीड-उस्मानाबादकडून आलेले, सगळे एकामागून एक त्या कोटात शिरले, डोक्याला पाणी लावून डावीकडे भांग पाडला, आणि श्वास रोखून बसले. एका काचेवर चार तोंडं, अशा चोपन्न काचा झाल्या. मग हिंदुराव डेस्कावर वाकले. नखाएवढी तोंडं, पण त्यांनी एकालाही अर्ध्यावर सोडलं नाही. कुणाचा फाटलेला ओठ सांधला, कुणाच्या कपाळावरची खोक मिटवली, कुणाचा चकणा डोळा सरळ केला. मान मोडून आली, पेन्सिली संपल्या. शेवटी दोनशे चौदा छापलेले चेहरे त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडले आणि करीमभाईला हाक मारली.

करीमभाई बराच वेळ बघत राहिला. "क्या बात है," तो म्हणाला. "एका आईची दोनशे चौदा पोरं."

हिंदुरावांनी ती स्तुती समजून घेतली.

बुधवारी फाटकावर पास वाटले, आणि पासावर एकेकाला आत सोडून बघायचं ठरलं. हिंदुराव कॅमेरा घेऊन मुद्दाम गेले. सांगायला घाटमाथासाठी फोटो काढायचा होता. खरं म्हणजे आपलं नाव निघालेलं ऐकायचं होतं. ते निघतही होतं. जो तो आपला फोटो शेजाऱ्याला दाखवत होता. "बघ, मी असा हाय!" असं म्हणताना एकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं हिंदुरावांनी स्वतः पाहिलं.

फाटकावर ज्योतीराम हवालदार होते. पलटणीतून निवृत्त झालेले, माणदेशाकडचे, हुकूम म्हणजे हुकूम मानणारे. पास हातात घ्यायचे, फोटोकडे बघायचे, माणसाकडे बघायचे, पुन्हा फोटोकडे बघायचे. पहिल्या दहा माणसांतच त्यांच्या कपाळाला आठी पडली. थेरगावच्या दोन चुलतभावांचे पास वाटताना उलटेपालटे झाले होते. दोघेही एकमेकांच्या पासावर बिनतक्रार आत गेले आणि पासावर दुसऱ्याचं नाव वाचून परत बाहेर आले. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

मग कोंडाजी आला.

कोंडाजी तळवड्याचाच, हिंदुरावांच्या आळीतला. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या आणि त्याच्या तोंडावर बोट टेकवायला सपाट जागा राहिली नव्हती. मोशीच्या खाणीत तो दगड फोडायचा. त्या धुळीनं त्याची छाती धरायला लागली होती, म्हणून या कारखान्यात नाव लागल्यावर त्यानं खाण सोडली, आणि मुकादमानं त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा केला.

हवालदारांनी पास मोठ्यानं वाचला. "नाव कोंडाजी. वय अठ्ठावीस. खूण, चेहऱ्यावर देवीचे दाट व्रण." मग फोटो बघितला. "दाट? ह्यात पातळ बी न्हाईत. ह्यो तर लोण्याचा गोळा हाय."

"म्याच हाय हवालदार," कोंडाजी म्हणाला.

"खूण म्हणती तू हाईस. फोटू म्हणतो तू न्हाईस. दोघांतलं कोण खरं बोलतंय?"

मागची रांग हसली. कोंडाजीनं इकडेतिकडे बघितलं आणि त्याला हिंदुराव दिसले. "हिंदूदादा, सांगा की ह्यास्नी!"

हिंदुरावांना सांगायचं एवढंच होतं, की खड्डे मी बुजवले. तीन शब्द. पण भोवती तीसचाळीस माणसं आपापले चेहरे तळहातावर घेऊन उभी होती, आणि त्यांना वाटत होतं, की ते कॅमेऱ्यात तसेच दिसले. हिंदुरावांच्या तोंडून निघालं, "त्या दिवशी उजेड जरा... उजेडाचा दोष असंल."

गलका ऐकून करंदीकर साहेब बाहेर आले होते. "उजेडानं देवीचे व्रण जातात? मग दवाखाने कशाला काढायचे?" ते कोंडाजीकडे वळले. "गेल्या महिन्यात भरतीच्या तपासणीला एकाच्या जागी त्याचा भाऊ डॉक्टरांपुढे उभा राहिला होता. तसलं काही असेल तर आत्ताच सांग. नाहीतर फोटोत जो बसलाय त्याला शनिवारी बाराच्या आत माझ्यासमोर आण. सोमवारी पाळी सुरू होते. नाही आणलास तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाची."

कोंडाजी पास मुठीत धरून उभा राहिला. फोटोत बसलेल्याला कुठून आणायचं, हे त्याला समजेना. तो तर तिथेच उभा होता.

गुरुवारी सकाळी कोंडाजीची बायको रुक्मिणीबाई दुकानात आली. तीन कोस चालून आली होती, पण धाप लागलेली नव्हती. राग आलेल्या माणसाला धाप लागत नाही. तिनं पास डेस्कावर आपटला.

"ह्यो कोण?"

"वहिनी, बसा तर खरं."

"बसती. आधी सांगा, ह्यो कोण बाप्या? माझ्या दाल्ल्याच्या नावावर ह्यो का बसलाय?"

"आवो, ह्यो कोंडाजीच. जरा साफ केलाय."

"साफ?" रुक्मिणीबाईचा आवाज खाली आला, आणि हिंदुरावांना तो वरच्या आवाजापेक्षा जड गेला. "त्या साली त्येंच्या घरात चौघांना देवी आल्या. तीन भावंडं आठ दिवसांत गेली. देवीनं ह्यांना एकट्याला ठेवलं आन् तोंडावर आपली खूण केली. माझी सासू मरस्तवर दर मंगळवारी त्या खड्ड्यांवरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. सासूनं जे ववाळलं, ते तुमी पुसलंत. तुमी कोण वो?"

आतून विमलबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप रुक्मिणीबाईच्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता ह्यांच्यापुढं उजेडाचा दोष सांगू नगा."

 कबूल व्हायचं हिंदुरावांना अजून सुचत नव्हतं. माणूस चूक करतो त्याच अकलेनं ती निस्तरायला जातो. हिंदुराव दिवसभर विचार करत राहिले, आणि संध्याकाळी त्यांना असा उपाय सुचला, की तो पुढे चाळीस वर्षं सांगताना ते आधी दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचे. फोटो बदलला तर आपली लाज जाते. मग माणूसच फोटोसारखा केला तर?

शुक्रवारी सकाळी त्यांनी कोंडाजीला खुर्चीत बसवलं. तांदळाचं पीठ, जस्ताची पूड आणि डिंकाचं पाणी कालवलं, आणि खड्ड्यामागून खड्डा भरायला घेतला. कोंडाजी गरीब माणूस. डोळे मिटून बसला.

"दादा, खाज सुटती."

"बोलू नकोस. गाल हालतो."

करीमभाई दारात येऊन टेकला. हातात ट्यूब होती. "हिंदुराव, सोल्युशन देऊ का? मी सायकलीचं पंक्चर काढतो, तुमी माणसाचं काढा."

"तू गप रे."

"गप बसतो. पण हवा भरून बघा एकदा."

तासाभरात कोंडाजीचं तोंड सपाट झालं. वर फिकट गुलाबी भुकटी लावली, डावीकडे भांग पाडला, कोट चढवला, नाड्या आवळल्या. हिंदुरावांनी पास शेजारी धरून बघितला आणि त्यांचा ऊर भरून आला. हुबेहूब! देवानं केलं त्यापेक्षा आपणच बरं केलं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

चिंचवडहून फाटक दोन मैल. वैशाखाचं ऊन. अर्ध्या वाटेत डिंक वाळला आणि कोंडाजीचं तोंड ताणून असं आवळलं, की त्याला 'हूं' सुद्धा म्हणता येईना. फाटकावर पोचले तेव्हा ज्योतीराम हवालदारांनी पास घेतला, फोटो बघितला, कोंडाजी बघितला. पुन्हा फोटो बघितला. हिंदुरावांनी श्वास रोखला.

"व्हय," हवालदार म्हणाले. "ह्यो फोटूतला हाय खरा."

हिंदुरावांनी श्वास सोडला.

"पर खूण कुटं गेली?" हवालदारांनी पासावर बोट ठेवलं. "दाट व्रण लिवल्यात. बुधवारी खूण व्हती, फोटू न्हवता. आज फोटू हाय, खूण न्हाई." मग ते कोंडाजीच्या अगदी जवळ गेले, नाक वर करून वास घेतला आणि हळूच म्हणाले, "गड्या, जरा हस बरं."

कोंडाजी हसला. म्हणजे त्यानं हसायचा यत्न केला. डाव्या गालाला बारीक चीर गेली, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला जाते तशी, ती कानापर्यंत धावली, आणि पिठाची एक खपली सुटून हवालदारांच्या नोंदवहीवर पडली. तिच्यामागून दुसरी पडली.

हवालदार हसले नाहीत. त्यांनी ती खपली चिमटीत उचलली आणि हिंदुरावांच्या तळहातावर ठेवली. "फोटोवाले, कनातीचा तमाशा पल्याड वडाखाली बसतो. हितं मानसं पोटासाठी येत्यात."

परत येताना वाटेत ओढा लागला. ओढ्यावर कोंडाजी खाली बसला आणि पाण्यानं तोंड धुऊ लागला. पांढरं पाणी वाहून गेलं, आणि खालून त्याचं स्वतःचं तोंड वर आलं. हिंदुराव काठावर उभे राहून बघत होते. हे तोंड त्यांनी अख्खा दिवस डेस्कावर घेऊन भरलं होतं, खड्डा न् खड्डा त्यांना पाठ होता. पण हा माणूस कसा दिसतो, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

"उद्या बारापर्यंतच हाय न्हवं?" कोंडाजीनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर हिंदुरावांना बरं वाटलं असतं. "खाणीत आता घ्यायचा न्हाई मुकादम. घेतलं तरी छाती... बगू."

घरी आल्यावर हिंदुराव जेवले नाहीत. विमलबाईंनी दोनदा ताट केलं आणि दोनदा झाकलं. मग त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. ती पेन्सिल काचेवरनं निघत न्हाई का?"

"निघती. टर्पिणात बोळा भिजवला की निघती."

"मग?"

"मग काय! लोकांनी बघितलं, की चेहरा फडक्यानं पुसला जातो, तर उद्या कोण येईल माझ्याकडं? पुण्यात मालक म्हणायचे, पेन्सिल चालवताना बायकोला बी दाखवायची न्हाई."

"दाखवलीच न्हाईत. पण पाच वर्षं काचा धुवायला शिकलात न्हवं? त्येवढंच तुमाला धड येतं. त्येवढं करा."

नवऱ्याच्या कलेबद्दल इतकं रोखठोक मत त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं होतं. हिंदुरावांना ते लागलं, आणि पटलं.

शनिवारी सकाळी ते कोंडाजीची काच, टर्पिणाची बाटली, कापसाचा बोळा, छापायची चौकट आणि उन्हात काळा पडणाऱ्या कागदाचं पाकीट घेऊन करंदीकर साहेबांच्या कचेरीत गेले. कोंडाजी आणि रुक्मिणीबाई भिंतीला टेकून उभी होती. कामानिमित्त आलेली दहावीस माणसं खिडकीशी गोळा झाली होती. हिंदुरावांना वाटलं, साहेबांनी यांना हाकलावं. साहेबांनी हाकललं नाही.

"काय आणलंत? आज उजेड बरा आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, उजेड त्या दिवशी बी बरा व्हता," हिंदुराव म्हणाले. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. "उजेड बरा व्हता. मी खोटं बोललो. ह्या कोंडाजीच्या तोंडावर मी पेन्सिल चालवली हाय. बघा."

त्यांनी काच खिडकीच्या उजेडात धरली, बोळा बाटलीत बुडवला, आणि चारांतल्या खालच्या उजव्या तोंडावरून फिरवला. एकदा. दोनदा. दिवसभराची कारागिरी बोळ्यावर करडी होऊन आली. मग काच चौकटीत घातली, तिच्याखाली कागद ठेवला, आणि चौकट खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात मांडली.

ऊन आपल्या चालीनं चालतं. साहेबाच्या घाईनं ते पळत नाही की फोटोवाल्याच्या लाजेनं थांबत नाही. कचेरीतला पंखा घरघरत होता.  हिंदुरावांनी मधेच चौकटीची मागची फळी अर्धी उघडून दाखवली. कागदावर तांबूस सावली आली होती. आधी कोट उमटला, मग कपाळ, मग डोळे. आणि मग गालांवर, पाऊस थांबल्यावर वाळूत थेंबांच्या खुणा दिसाव्यात तसे, एक, दोन, दहा, शंभर खड्डे उमटून आले. खिडकीतली माणसं एकमेकांना रेटू लागली.

"आला! कोंडाजी आला!" कुणीतरी ओरडलं.

रुक्मिणीबाई पुढे झाली, तिनं कागद बघितला आणि पदर तोंडाशी नेला.

साहेबांनी कागद घेतला, कोंडाजीला उजेडात उभं केलं आणि डाव्या गालापासून सुरुवात करून निवांत पडताळून बघितलं. मग घड्याळ बघितलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"सोमवारी ये," ते कोंडाजीला म्हणाले. मग हिंदुरावांना म्हणाले, "तुम्ही बसा. कागद घ्या आणि लिहून द्या."

हिंदुरावांनी लिहून दिलं, की दोनशे चौदा चेहऱ्यांवर मी माझ्या मनानं पेन्सिल चालवली आहे, त्यात कुणाही कामगाराचा दोष नाही, आणि सोमवार सकाळपर्यंत सर्व चेहरे पूर्ववत करून देईन. सही केली. खिडकीतून एकानं विचारलं, "म्हंजी माझी बी मिशी खरी न्हाई?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "तुझं नाक बी बघ." हशा झाला. हिंदुरावांना वाटलं, 'विमल फोटो स्टुडिओ' या हशात बुडाला.

ते उठायला लागले तेव्हा साहेबांनी खुणेनं थांबवलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्या मुलीला बघायला येणार आहेत. आधी फोटो मागितलाय. नाक जरा... म्हणजे तुमच्या लक्षात येईल. ती पेन्सिल घेऊन एकदा घरी या."

हिंदुरावांनी साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. "येतो," हिंदुराव म्हणाले. धंदा इतक्या सहजी बुडत नाही, हे त्यांना तिथे कळलं. आणि आपल्याला ते ऐकून आनंद झाला याची लाजही तिथेच वाटली.

शनिवारची दुपार आणि रविवारचा सगळा दिवस नवराबायको ओसरीवर बसून काचा पुसत होती. विमलबाई टर्पिणानं पुसायच्या, हिंदुराव उन्हात छापायचे आणि मग कागद टिकावा म्हणून औषधाच्या पाण्यात घालायचे. करीमभाई येता जाता सांगून जायचा, "हा बघा भोसरीचा पैलवान, आता वळखू आला. ह्याचा कान पयल्यांदाच पाह्यला." दोरीवर ओले चेहरे वाळत होते. कुणाचा ओठ फाटलेला, कुणाच्या कपाळावर बैलाच्या शिंगाची खोक, कुणाचा डोळा वाऱ्यावर गेलेला. हिंदुरावांनी त्यांतला एकही आधी पाहिला नव्हता. संध्याकाळी ते त्या दोरीखालून हळूहळू चालत गेले, प्रत्येकापुढे थांबत, जत्रेत ओळखीचं माणूस शोधणाऱ्यासारखे.

सगळ्यांना ते आवडलं असं मात्र नाही. सोमवारी नवे पास हातात पडल्यावर निम्म्या लोकांनी शिव्या घातल्या. "त्या फोटूत मी बरा व्हतो," असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. जुने फोटो कुणी परत दिले नाहीत. ते घरोघरी भिंतींवर गेले, आणि पासांत राहिली ती खरी तोंडं.

हिंदुराव त्या सकाळी कॅमेरा घेऊन फाटकासमोर उभे होते. उद्धवरावांचं कार्ड आलं होतं, की पहिली पाळी आत जातानाचा फोटो हवा, सगळे चेहरे समोरून, स्पष्ट. हिंदुरावांनी तिपाई रोवली, काच घातली, काळ्या फडक्याखाली डोकं घालून नेम धरला. मग फडक्यातून डोकं बाहेर काढलं, कारण कोंडाजी रांगेत पुढे आला होता.

ज्योतीराम हवालदारांनी पास घेतला. अंगठा फोटोच्या खाली ठेवला. फोटो बघितला, माणूस बघितला. पुन्हा फोटो बघितला. मग त्यांनी पास परत दिला.

"ह्योच," ते म्हणाले. "जा गड्या."

कोंडाजीनं पास खिशात घातला, खिशावर हात दाबून बघितला, आणि आत गेला. तेवढ्यात भोंगा झाला. मागची सगळी रांग एकदम फाटकात घुसली, हवालदार ओरडत बाजूला झाले, आणि हिंदुरावांना आठवलं, की आपण इथे फोटो काढायला आलो आहोत. त्यांनी घाईनं कळ दाबली. तेव्हा माणसं आत शिरलेली होती. काचेवर आल्या त्या नुसत्या पाठी. सत्तरएक पाठी, सदरे, मुंडासी, एक कडेला टेकवलेली सायकल, आणि वर कारखान्याची नवी कोरी भिंत.

दुसरा फोटो नव्हता, म्हणून त्यांनी तोच पाठवला. उद्धवरावांकडेही दुसरा नव्हता, म्हणून त्यांनी तोच छापला, आणि खाली पहिल्यांदाच बारीक अक्षरांत 'छाया: हिंदुराव, चिंचवड' असं घातलं. एवढा स्पष्ट फोटो तुमच्याकडून प्रथमच आला, असं त्यांचं कार्डही आलं.

ते कात्रण हिंदुरावांनी चौकटीत घालून दुकानात लावलं. पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकं ते बघायची, गोष्ट ऐकायची आणि हमखास विचारायची, "मग ह्यात कोंडाजी कुठला?"

हिंदुराव चष्मा वर सरकवायचे, काचेजवळ जाऊन निरखून बघायचे आणि बोट ठेवायचे, "ह्यो."

विमलबाई आतून म्हणायच्या, "काल त्यो दुसरा व्हता."